सिनेमानं कादंबरीचं नेमकं काय केलं?

"पुस्तकाची वाट लावली." कादंबरीवरचा सिनेमा बघून उठताना बेळगावात पहिलं वाक्य हेच ऐकू येतं. दुसरं असतं, "किती गाळलंय बघा." टिळकवाडीत एका मित्राच्या घरी आम्ही काही जण अधूनमधून जमतो. पुस्तक आधी वाचायचं, मग भिंतीवर त्याचा सिनेमा लावायचा आणि मग भांडायचं. भांडण बहुतेक वेळा अर्ध्यावर तुटतं, कारण खानापूरच्या मास्तरांना शेवटची बस गाठायची असते. 'द शेल्टरिंग स्काय'च्या वेळीही तसंच झालं. चपला घालता घालता मास्तर म्हणाले, "निम्मं पुस्तक खाल्लं की हो त्यानं!" त्यांना द्यायचं उत्तर राहून गेलं, ते इथं जरा सविस्तर देतो. कादंबरीचा सिनेमा होतो म्हणजे काय होतं, हे समजून घ्यायला पॉल बोल्स यांची १९४९ ची ही कादंबरी आणि बर्नार्दो बेर्तोलुची यांचा १९९० चा सिनेमा फार उपयोगी पडतात.

शेवट सांगितल्याशिवाय मुद्दा मांडता येणार नाही. ज्यांना गोष्ट कोरी हवी आहे त्यांनी आधी पुस्तक वाचून यावं.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय. न्यूयॉर्कचं एक सुखवस्तू जोडपं, पोर्ट आणि किट मोर्सबी, फ्रेंचांच्या ताब्यातल्या उत्तर आफ्रिकेत उतरतं. पोर्टला कामधंदा करायची गरज नाही. आपण पर्यटक नाही, प्रवासी आहोत असं तो मानतो. पर्यटकाला काही आठवड्यांनी घर आठवतं, प्रवाशाला कुठलंच गाव दुसऱ्यापेक्षा जास्त आपलं वाटत नाही, असा त्याचा हिशोब. दोघं एकमेकांवर प्रेम करतात, पण झोपतात वेगवेगळ्या खोल्यांत. या प्रवासात काहीतरी पुन्हा जुळेल अशी पोर्टला आशा आहे, आणि तरी त्यानं सोबत टनर नावाचा एक मित्र आणलाय. (नवरा-बायकोनं रुसवा काढायला गोव्याला जायचं आणि गाडीत मागच्या सीटवर मित्राला बसवायचं, असला हा प्रकार.) पहिल्याच रात्री पोर्ट गावाबाहेरच्या एका तंबूत एका बाईकडे जातो. पुढं रेल्वेच्या प्रवासात शँपेनच्या भरात किट टनरच्या जवळ जाते. दोघंही आपापलं लपवतात.

मग पोर्ट टनरला टाळत, किटला घेऊन, सहारात खोल खोल जायला लागतो. गावं लहान होत जातात, हॉटेलं घाण होत जातात. पोर्टला विषमज्वर होतो. स्बा नावाच्या ठिकाणी फ्रेंच लष्करी ठाण्यात तो मरतो, आणि कादंबरीत तो मरतो तेव्हा किट त्याच्याजवळ नसते. ती परत येते, बघते, आणि कुणालाही न सांगता एक बॅग घेऊन वाळवंटात चालायला लागते. उंटांच्या एका तांड्याबरोबर ती पुढं जाते. कादंबरीचा शेवटचा तिसरा भाग तिथून सुरू होतो, आणि तो वाचायला सोपा नाही.

लेखकाबद्दल थोडं. बोल्स यांचा जन्म १९१० चा, न्यूयॉर्कचा. ते आधी संगीतकार होते, मग लेखक. १९४७ पासून मोरोक्कोतल्या टँजियर शहरात राहिले ते १९९९ मध्ये मरेपर्यंत. ही त्यांची पहिली कादंबरी. ज्या प्रकाशकानं तिच्यासाठी आगाऊ पैसे दिले होते, त्यानंच ही कादंबरी नव्हे म्हणून हस्तलिखित परत केलं. बेर्तोलुची त्या मानानं नशीबवान. त्यांच्या आधीच्या 'द लास्ट एम्परर'ला नऊ ऑस्कर मिळाली होती, त्यामुळे वाळवंटात मोठा लवाजमा घेऊन जाण्याइतकं वजन त्यांच्या शब्दाला होतं.

आता मास्तरांचा मुद्दा. सिनेमा १३८ मिनिटांचा आहे. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा सिनेमावाल्यांचा ढोबळ हिशोब असतो. म्हणजे जेमतेम १४० पानं, आणि तीही मोकळी मोकळी टाइप केलेली. तीनशेहून अधिक पानांची कादंबरी मोठ्यानं वाचायला बसलं तर दहा-बारा तास सहज लागतील. तेव्हा गाळणं होणारच, त्याला इलाज नाही. कुठल्याही रूपांतरात ते होतं आणि त्यावरून सिनेमा चांगला की वाईट हे कळत नाही.

घोटाळा असा, की रूपांतराकडे आपण कुंद्यासारखं बघतो. दूध तासन् तास आटवलं, पाणी उडालं, उरलेला जिन्नस घट्ट आणि गोड. कादंबरी आटवली की सिनेमा होतो अशी आपली समजूत. तसं असतं तर गोष्टीचा चांगला सारांश हाच चांगला सिनेमा ठरला असता. कादंबरीतल्या घटना पडद्यावर नेता येतात, त्यात फार मोठं कसब नाही. अडचण येते ती घटनांच्या भोवती असलेल्या निवेदनाची, म्हणजे कोण सांगतंय, कुणाच्या डोक्यात बसून सांगतंय, आणि कुठल्या क्षणी सांगतंय याची.

याचं आपल्या मातीतलं उदाहरण लंपन. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास' आणि पुढच्या पुस्तकांतला हा आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा आपल्या सीमाभागातला. त्या कथांत घडतं काय? फारसं काही नाही. शाळा, तळं, रेल्वे, सुमी. कथांचा सगळा जीव लंपन ज्या चालीत बोलतो तिच्यात आहे. २०२४ मध्ये सोनी लिव्हवर 'लंपन' ही मालिका आली तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी ती प्रेमानं बघितली, आणि तरी काहींना चुटपुट लागली. पुस्तकात लंपन सांगतो आणि आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो. पडद्यावर लंपन दिसतो, म्हणजे आपण बाहेरून त्याच्याकडे बघतो. मुलगा कितीही गोड असला आणि घर कितीही हुबेहूब उभं केलं, तरी ही जागा बदलतेच. दिग्दर्शकाचा यात दोष नाही. कॅमेरा डोक्याच्या बाहेरच ठेवावा लागतो.

'द शेल्टरिंग स्काय'मध्ये ही अडचण दुप्पट आहे, कारण इथं डोकी दोन. बोल्स कधी पोर्टच्या मनात शिरतात, कधी किटच्या. दोघांना एकमेकांबद्दल जे माहीत नाही ते फक्त वाचकाला माहीत असतं, आणि त्या ओझ्यामुळे साधा नाश्त्याचा प्रसंगही वाचताना जड होतो. किटचंच बघा. ती शकुनांवर जगते. सकाळी काय दिसलं, काय हातातून पडलं, यावरून दिवस कसा जाणार हे ती ठरवते. शुभ आणि अशुभ खुणांची तिच्या डोक्यात सतत जुळवाजुळव चाललेली असते, आणि ज्या दिवशी सगळ्या खुणा वाईट त्या दिवशी तिला साधा निर्णय घेता येत नाही. मांजर आडवं गेलं म्हणून गाडी थांबवणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा ही बाई आपल्याला परकी वाटत नाही. पण हे पडद्यावर दाखवणार कसं? शकुन म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूकडे बघण्याची तऱ्हा आहे. किटचं काम करणारी डेब्रा विंगर ही फार ताकदीची नटी. तिच्या चेहऱ्यावर भीती दिसते, पण भीतीमागचं हे सगळं गणित चेहऱ्यावर मावत नाही.

मनातलं पडद्यावर आणायचे मार्ग तसे मोजकेच. पात्राच्या तोंडी घालायचं, हा सगळ्यात सोपा आणि बहुधा सगळ्यात वाईट. आपल्या जुन्या मराठी सिनेमात नायिका खिडकीशी उभी राहून स्वतःशीच मोठ्यानं बोलते, ते आठवा. दुसरा मार्ग म्हणजे मागून आवाज देणं. आणि तिसरा, ज्याला खरी कारागिरी लागते, तो म्हणजे मनातली गोष्ट दिसणाऱ्या वस्तूत किंवा ऐकू येणाऱ्या आवाजात नेऊन ठेवणं.

तिसऱ्या मार्गाचा मासला बघायचा तर सत्यजित राय यांचा १९६४ चा 'चारुलता' बघावा. रवींद्रनाथांच्या 'नष्टनीड'वरून केलेला. सुरुवातीला चारू घरात एकटी आहे, जवळजवळ संवाद नाहीतच. ती एका छोट्या दुर्बिणीतून खिडकीबाहेरची माणसं बघत या खोलीतून त्या खोलीत जाते. मग नवरा पुस्तकात डोकं खुपसून तिच्या अगदी जवळून जातो, त्याचं लक्ष नाही. चारू तीच दुर्बीण डोळ्याला लावून त्याच्याकडे बघते. हाताच्या अंतरावरचा नवरा, आणि बघायला दुर्बीण! या लग्नाबद्दल रायांना आणखी काही सांगावं लागत नाही. टागोरांच्या वाक्याचा हा अनुवाद नव्हे, त्याच्या जागी शोधलेली वेगळीच गोष्ट आहे. चांगलं रूपांतर ओळखायची माझी खूण हीच.

बेर्तोलुचींनी दुर्बिणीच्या जागी सहारा वापरला. मोरोक्को, अल्जीरिया आणि नायजर इथं चित्रीकरण झालं, आणि कॅमेऱ्यामागे व्हित्तोरिओ स्तोरारो होते. पूर्वार्धात उन्हाचा पिवळा-तांबडा रंग सगळीकडे चढलेला, भिंतींवर, कपड्यांवर, माणसांच्या कातडीवर. पोर्ट गेल्यावर पडदा हळूहळू निळा होत जातो. रात्री, चंद्रप्रकाश, तांड्यातल्या माणसांची निळी वस्त्रं. हा बदल कुणी बोलून दाखवत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी मात्र लगेच टिपलं, "आता थंड वाटायला लागलं बघा." कादंबरीत जे काम वाक्यांची लय करते, ते इथं रंग करतात. र्युइची साकामोतो यांचं संगीत तर अनेकांना सिनेमापेक्षा जास्त आठवतं. त्यांना आणि रिचर्ड होरोविट्झ यांना त्यासाठी गोल्डन ग्लोब मिळालं. तंतुवाद्यांचा तो मुख्य सूर पोर्ट-किटच्या नात्याबद्दल जेवढं सांगतो तेवढं त्यांचे संवाद सांगत नाहीत, असं मी म्हणेन.

पण संगीतच इथं एक गडबडही करतं, आणि ती नीट बघण्यासारखी आहे. पुस्तकाच्या पहिल्या भागात एक प्रसंग आहे. दोघं सायकली घेऊन गावाबाहेर जातात आणि एका कड्यावर बसतात. समोर अफाट वाळवंट. पोर्ट म्हणतो, हे आकाश मला एखाद्या घट्ट वस्तूसारखं वाटतं, मागं जे आहे त्यापासून आपल्याला आडोसा देणारं. मागं काय आहे, किट विचारते. काही नाही, फक्त काळोख. मग तो म्हणतो, आपण दोघंही एकाच गोष्टीला घाबरतो, आपल्यातलं कुणीच आयुष्याच्या आत पुरतं शिरलेलं नाही, बाहेरून कसंबसं धरून लोंबकळतोय, पुढच्या धक्क्याला पडू या खात्रीनं. (आपल्याकडच्या भरलेल्या बसच्या दारात उभं राहून गेलेल्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.) कादंबरीत हे बोलणं होतं आणि दोघं पुन्हा आपापल्या जागी परततात. जवळ येण्याची संधी समोर होती आणि हुकली, एवढंच कळतं.

सिनेमात हेच बोलणं आहे, हाच कडा आहे, पण इथं दोघं शरीरानं जवळ येतात आणि तरी जुळत नाही. वरून तो सूर. बघणाऱ्याचं काळीज हलतं. आपण मनात म्हणतो, अरे, यांचं प्रेम आहे की! इथून पुढं सिनेमा एका मोठ्या, करुण प्रेमाची गोष्ट होतो. कादंबरी तशी नाही. बोल्स या दोघांकडे फार थंड नजरेनं बघतात. त्यांना वाचकाची दया नको आहे. गाळण्यापेक्षा कितीतरी मोठा बदल या एका जागी झालाय, आणि तो काहीतरी वाढवल्यामुळे झालाय हे लक्षात घ्या.

पोर्टच्या मरणाचंही तसंच. कादंबरीत आपण त्याच्या तापाच्या आत असतो. त्याचं जग लहान होत जातं, शब्द सुटत जातात, आणि अखेर तो आडोशाचा पडदा भेदून पलीकडे जाण्याची भाषा येते. कड्यावरची आकाशाची गोष्ट तिथं आतून पुरी होते. सिनेमात मात्र आपण मुख्यतः किटच्या बाजूनं त्या खोलीत बसलेलो असतो. पोर्ट झालेला जॉन माल्कोविच घामानं भिजलेला, थरथरणारा. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या बायकोची बाजू आपण घेणार नाही तर कुणाची? कॅमेरा पलंगाच्या कुठल्या बाजूला ठेवला एवढ्यानं सहानुभूती सरकते.

आता हेच आपल्या ओळखीच्या सिनेमात बघू, म्हणजे हा काही परदेशी चोचल्याचा विषय नाही हे कळेल. आर. के. नारायण यांची 'द गाइड' १९५८ ची. मार्को आणि रोझी हे बिनसलेलं जोडपं मालगुडीत फिरायला येतं, आणि राजू गाइड त्यांच्या मधे शिरतो. नवऱ्याला लेण्यांत रस, बायकोला नाचात, एकमेकांत दोघांनाही नाही. कादंबरीत रोझी आणि राजू जवळ येतात, मार्कोला ते कळतं, तो तिच्याशी बोलणं बंद करतो आणि तिला मागं ठेवून आगगाडीत बसून जातो. १९६५ च्या विजय आनंद यांच्या सिनेमात मार्कोच एका दुसऱ्या मुलीबरोबर सापडतो, आणि मग रोझी त्याला सोडते. घटना तीच, लग्न मोडणं, पण आधी कोण चुकलं हा क्रम उलटा केला. त्या काळच्या हिंदी प्रेक्षकानं वहिदा रहमानला माफ करावं म्हणून ही सोय. शिवाय मालगुडी या दक्षिणेतल्या काल्पनिक गावाऐवजी उदयपूरचे राजवाडे आले. नारायण यांनी 'मिसगाइडेड गाइड' नावाचा लेख लिहून आपली नाराजी जाहीरपणे सांगितली. सिनेमा तरी उत्तमच आहे, आणि नारायण यांची तक्रारही खरी आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे आमच्या मंडळात पटवून देणं अवघड जातं.

आणि अगदी दाराशी यायचं तर 'जोगवा'. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या, आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा, यांवरून राजीव पाटील यांनी २००९ मध्ये तो काढला. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुला-मुलींची ही दुनिया बेळगाव जिल्ह्याला आणि गडहिंग्लज-निपाणीकडच्या पट्ट्याला नवी नाही. 'चौंडकं'मधली सुली आणि 'भंडारभोग'मधला तायप्पा ही दोन वेगळ्या पुस्तकांतली माणसं. सिनेमानं त्यांची गाठ घातली. पुस्तकांत प्रत्येक जण आपल्या नशिबात एकटा होता, सिनेमात दोघांना एकमेकांचा आधार मिळाला, आणि त्याबरोबर बंड करायचं बळही. या एका जुळवणीतून सगळा सिनेमा उभा राहिला. मला ती जुळवणी मान्य आहे, कारण तिच्यामुळे त्या दोघांचं दुःख गोड झालं नाही. पण गवसांची पुस्तकं वाचून मिटल्यावर जो एकाकीपणा अंगावर येतो, तो 'जोगवा' बघून येत नाही, हेही सांगून टाकलं पाहिजे.

सौंदत्तीचं नाव निघालंच आहे तर थोडं आडवळण. पौर्णिमेच्या यात्रेत डोंगरावर उधळणारा भंडारा, ते पिवळं धूसर आभाळ, हे कॅमेऱ्याला भुरळ घालणारं दृश्य आहे. बाहेरून आलेला फोटोग्राफर ते टिपतो आणि जातो. आपण तिथले असलो की कळतं, त्या पिवळ्या धुराळ्यात उभ्या असलेल्या बाईला या चित्रात बोलायला जागाच नाही. 'द शेल्टरिंग स्काय' बघताना मला हे सारखं आठवत होतं. बोल्सच्या पुस्तकातही आणि बेर्तोलुचींच्या सिनेमातही सहारातली माणसं बहुतांशी दोन अमेरिकनांच्या दुःखाची मागची बाजू म्हणून येतात. पुस्तकाला निदान एक सवलत देता येते. तिथं ही नजर पोर्टची आणि किटची आहे आणि त्यांचं अज्ञान लेखक झाकत नाही. सिनेमात तीच नजर कॅमेऱ्याची होते, आणि कॅमेरा इतका सुंदर आहे की अज्ञान दिसतच नाही.

याचा सगळ्यात मोठा परिणाम शेवटच्या भागावर झालाय. पुस्तकात तांड्यातला बेल्कासिम आणि त्याचा वयस्क सोबती किटवर जबरदस्ती करतात. पुढं बेल्कासिम तिला पुरुषी वेश चढवून घरी नेतो आणि कोंडून ठेवतो. तिचं मन हळूहळू तुटत जातं, आणि त्या तुटलेल्या मनाला यात सुखही वाटायला लागतं, हे बोल्स लिहितात. वाचताना पुस्तक खाली ठेवावंसं वाटतं, आणि आमच्यातल्या दोघीतिघींनी ठेवलंही. त्यांच्याशी वाद घालण्याचं कारण मला दिसत नाही. सिनेमात हा भाग जवळजवळ बिनसंवादाचा आहे, निळा, संथ, मोहक. जबरदस्तीची धार बोथट करून तिथं शृंगार ठेवला आहे. मला हे पुस्तकापेक्षा जास्त खटकलं. कठोर गोष्ट गाळली असती तर एक वेळ चाललं असतं, ती देखणी केली हे चालत नाही.

तरी त्या बिनसंवादाच्या भागात एक गोष्ट सिनेमाला पुस्तकापेक्षा चांगली साधली. आजूबाजूची माणसं काय बोलतात हे किटला कळत नाही. पुस्तकात बोल्सना ते सांगावं लागतं, सिनेमात आपल्यालाही नुसतं ऐकूच येतं. सीमाभागातल्या माणसाला ही अवस्था चांगली माहीत. रामदुर्गच्या बाजारात भरभर चाललेलं कन्नड माझ्यापर्यंत निम्मंच पोचतं, आणि उरलेलं मी माणसांच्या हातवाऱ्यांवरून भरून काढतो. किटकडे तेही निम्मं नाही.

आता उरला आवाजाचा मार्ग, आणि त्याबरोबर शेवट. बेर्तोलुचींनी निवेदक म्हणून खुद्द पॉल बोल्सनाच घेतलं. वय वर्षं ऐंशीच्या घरातला हा म्हातारा कॅफेत एका कोपऱ्यात बसून आपल्याच पात्रांकडे बघतो आणि मधूनच त्याच्या आवाजात कादंबरीतली वाक्यं येतात. उदाहरणार्थ, पोर्ट आणि किट यांना काळ अस्तित्वातच नाही असं वाटायला लागलं होतं, एक वर्ष दुसऱ्यासारखं, कधी ना कधी सगळं घडेलच, हे निवेदन. लग्न सावरायला भरपूर वेळ आहे असं समजण्याची चूक कॅमेऱ्याला दाखवता येत नाही, म्हणून हा आवाज. कल्पना हुशारीची आहे. पण लेखक स्वतः समोर बसला की गोष्टीवर एक शहाणी, मायाळू सावली पडते. पुस्तकात असा कुणीच नाही. तिथं वर फक्त आकाश आहे.

पुस्तकाचा शेवट असा. किटला शोधून विमानानं शहरात परत आणतात. अमेरिकन वाणिज्य दूतावासातली एक बाई तिला टॅक्सीतून हॉटेलपाशी आणते आणि टनर आलाय का हे बघायला आत जाते. बाहेर येते तर टॅक्सीत किट नाही. मग एक माणसांनी गच्च भरलेली ट्राम अरब वस्तीच्या कडेला वळण घेऊन थांबते, तिथं रूळ संपतात, आणि पुस्तकही. किट त्या ट्राममध्ये आहे का? लेखक सांगत नाही.

सिनेमात किट त्याच कॅफेत येते. म्हातारा लेखक तिला विचारतो, वाट चुकलीस का? ती हो म्हणते. आणि मग त्याच्या आवाजात ते प्रसिद्ध निवेदन: मरण कधी येणार हे माहीत नसल्यामुळे आयुष्य न आटणाऱ्या विहिरीसारखं वाटतं, पण पूर्ण चंद्र उगवताना तुम्ही आणखी किती वेळा बघणार आहात? कदाचित वीस वेळा. आणि तरी सगळं अमर्याद वाटतं. हा उतारा लोक पाठ म्हणतात, मोबाइलवर एकमेकांना पाठवतात. आमच्याकडेही दिवा लावल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही.

हे शब्द बेर्तोलुचींनी बनवलेले नाहीत, कादंबरीतच आहेत. पण कुठं? पोर्ट स्बाच्या खोलीत मरायला टेकलेला असताना किटला ते आठवतात. कधीकाळी पोर्ट तिच्याशी असं काहीतरी बोलला होता. तेव्हा तिनं नीट ऐकलं नव्हतं, कारण ऐकून उदास वाटलं होतं. आणि आता, बोल्स लिहितात, मरण शेजारी आलेलं असताना, ते आठवूनही त्याचा काही संबंध वाटत नाही. म्हणजे पुस्तकात हे सुंदर विचार निरुपयोगी ठरतात. नवरा मरतोय आणि त्याचंच तत्त्वज्ञान कामाला येत नाही, असा तो क्रूर प्रसंग. सिनेमानं तेच शब्द उचलून शेवटी ठेवले, लेखकाच्या तोंडी घातले, वरून संगीत दिलं, आणि ते आयुष्याचं सार होऊन बसले. शब्द फारसे बदलले नाहीत. जागा बदलली, बोलणारा बदलला, आणि अर्थ पार दुसऱ्या टोकाला गेला.

म्हणून मास्तरांना माझं सांगणं इतकंच, की सिनेमा बघताना गाळलेल्या पानांची मोजदाद करू नका. राहिलेलं वाक्य कुठून उचलून कुठं ठेवलंय आणि आता ते कुणाच्या तोंडी आहे ते बघा.

काकूंना सिनेमाचा शेवट जास्त आवडला. "त्या पोरीला निदान कुणीतरी विचारलं तरी," त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. पुस्तकात तिला कुणी विचारत नाही, आणि बोल्सना ते तसंच हवं होतं. सिनेमा त्यांना स्वतःला आवडला नाही. १९९८ साली कादंबरीच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं, की सिनेमाबद्दल आता जितकं कमी बोलावं तितकं बरं. यावर मास्तर नक्की म्हणणार, "मग कॅफेत जाऊन बसले कशाला ते?" पुढच्या बैठकीला भांडण तिथूनच सुरू होईल असं दिसतंय.